दहा मिनिटं पुढे असलेली शाळा

आमच्या शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ एका हिवाळ्यात, दिवाळीच्या सुट्टीनंतर थेट संक्रांत उलटून जाईपर्यंत, दहा मिनिटं पुढे होतं. ते आपोआप पुढे गेलं नव्हतं. मी केलं होतं. स्टुलावर चढून, काच उघडून, या उजव्या हाताच्या बोटानं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली त्या मुख्याध्यापकांना नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच.

आता सांगतो आहे ते निव्वळ वैतागून. हायस्कूल सकाळी सातला भरवावं की जरा उशिरा, ही चर्चा नागपुरात दर चार-पाच वर्षांनी उठते आणि बसते. यंदा पुन्हा उठली. गेल्या महिन्यात आमच्या शिक्षकांच्या सभेत एक तरुण सहकारी जुना वार्षिक अहवाल हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्याच शाळेत एका वर्षी जानेवारीनंतर एकही मूल उशिरा आलं नव्हतं. हे छापलेलं आहे. तेव्हा वेळ बदलायची गरज नाही, शिस्त लावायची गरज आहे." टाळ्या पडल्या. मी टेबलाकडे पाहत बसलो. तो अहवाल माझ्याच हातचा होता. त्यानंतर या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की या विषयावर तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं लिहावं. म्हटलं, ठीक आहे. अनुभवच लिहू.

ज्यांना शाळेचं आतलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पर्यवेक्षक होतो. पर्यवेक्षक म्हणजे मुख्याध्यापकांच्या खाली आणि शिक्षकांच्या वर, दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. वेळापत्रक तो करतो. कोणी गुरुजी आले नाहीत तर त्यांचा वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात तो घालतो. आणि सकाळी फाटकाशी उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं वहीत तोच लिहितो. आमची इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी सात ते साडेअकरा हायस्कूल, बारापासून खालचे वर्ग. म्हणून हायस्कूलला सातची वेळ. ती ठरवताना सोळा वर्षांच्या पोराला किती झोप लागते, याचा विचार कुणी केला नव्हता. इमारत रिकामी कधी होते याचा केला होता. पुढे मात्र त्या वेळेला फार थोर कारणं चिकटली. ब्रह्ममुहूर्त, आरोग्य, चारित्र्य. आणि उन्हाळा. मार्चनंतर नागपुरात सकाळची शाळा हवीच, हे मलाही मान्य आहे. पण डिसेंबरात, बर्डीच्या रस्त्यावर माणूस माणसाला दिसत नाही अशा धुक्यात, मुलांना कोणत्या उन्हापासून वाचवत होतो, ते मला अजून कळलेलं नाही. खरं कारण शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. साडेअकराला सुटलं की दुपार आपली. कोणाच्या शिकवण्या, कोणाची विम्याची कामं, एकाचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा. मीही धरमपेठेत दोन ठिकाणी शिकवायला जात होतो. तेव्हा चारित्र्याबद्दल आम्ही सगळेच फार बोलायचो.

फाटकाशी उभं राहून मी जितकं शिकलो तितकं बी.टी.च्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या, वर्षात शिकलो नाही. नववीतला एक मुलगा रोज उशिरा यायचा. एकदा मी त्याला कारण लिहून आण म्हटलं. त्यानं लिहून आणलं, "आमच्या घरी सर्वच उशिरा उठतात. मी एकटाच लवकर उठून काय करू?" एक मुलगा प्रार्थनेला पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या-उभ्या झोपायचा, पुढचा हलला की हा पडायचा. एका मुलाला त्याची आई सायकलरिक्षात घालून, चादरीसकट, फाटकापर्यंत घेऊन आली आणि मला म्हणाली, "घ्या सर. मी इथवर आणून दिला, आता जागा तुम्ही करा!"

जागा कोणी केलाच नाही. पहिल्या तासाला मी गणित लावलेलं असायचं, कारण 'सकाळी डोकं ताजं असतं.' वर्गावरून फेरी मारताना खिडकीतून दिसायचं: डोळे उघडे, हात वहीवर, आणि डोळ्यांमागे कोणी नाही. तिसऱ्या तासाला तीच मुलं माणसात आलेली असत. हे मला रोज दिसत होतं आणि मी रोज पहिल्या तासाला गणितच लावत होतो, कारण गणिताच्या गुरुजींना लवकर मोकळं व्हायचं होतं.

तर घड्याळ. त्या वर्षी मुलांपेक्षा गुरुजीच जास्त उशिरा येऊ लागले होते. पाच जण होते. रोज सात वाजून दहा. सगळे माझ्याहून वयानं मोठे, दोघांनी तर मला शिकवलेलं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, मला खोलीत बोलावून म्हणाले, "तुम्ही पर्यवेक्षक आहात की प्रेक्षक?" आता त्या पाच जणांना तोंडावर बोलणं हे माझं काम होतं. ते माझ्यानं होईना. मी तोंडावर काही न बोलणारा माणूस आहे. लोक याला सौजन्य समजतात. मग मी ते घड्याळ पुढे केलं. आठ दिवसांसाठी, असं स्वतःला सांगून.

आणि कमाल झाली. आमचा चपराशी महादेव त्या घड्याळावर टोल द्यायचा. आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा आणि लोखंडी हातोडी. पावणेसातला पहिला, सातला दुसरा. आजूबाजूची वस्ती त्या टोलावर चालायची. पहिला टोल पडला की घराघरांत पळापळ. त्यामुळे टोल दहा मिनिटं आधी पडू लागला तशी मुलं दहा मिनिटं आधी निघू लागली. गुरुजींना पहिल्या दिवशी घड्याळात सात वाजून वीस झालेले दिसले, ते ओशाळले आणि पहिल्या टोलालाच घर सोडू लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचही गुरुजी प्रार्थनेला हजर. मोठे सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय केलं हो तुम्ही?" मी हसलो. आठ दिवस झाले, पंधरा झाले. घड्याळ मागे करायचं माझ्या मनातूनच गेलं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. मनातून गेलं नव्हतं. सुखात चाललं होतं म्हणून हात लावला नाही.

टोल जिथवर ऐकू येत होता तिथवर सगळं ठीक होतं. कामठीला आमचा टोल ऐकू जात नव्हता.

कामठीहून नऊ मुलं येत. सहाच्या बसनं निघायची, बर्डीला उतरायची, तिथून पायी. बस खऱ्या वेळेवर चालायची. मुलं फाटकाशी पोचायची तेव्हा सात वाजायला दोन-तीन मिनिटं असत आणि आमच्या घड्याळात सात वाजून गेलेले असत. फाटक सातला बंद. मग दोन तास बाहेर, तिसऱ्या तासाला आत, आणि हजेरीत अर्धा दिवस गैरहजर. हा नियम मोठ्या सरांचा होता. वही माझी होती.

कुसुम रंगारी अकरावीत होती, मॅट्रिकचं वर्ष. सायन्स घ्यायचं म्हणून कामठी सोडून आमच्याकडे आलेली. बाप तिथे पॉवरलूमवर. अभ्यासात पहिल्या पाचांत, बोलायला माझ्यासारखीच. ऑगस्टमध्ये टायफॉइडनं महिनाभर घरी होती, त्यामुळे हजेरी आधीच काठावर. फाटकाशी ती इतरांसारखी गयावया करायची नाही. एकदाच बोलली.

"सर, बस तं वेळेवरच आली."

"मग तू उशिरा कशी?"

तिनं विचार केला. खरोखर विचार केला, माझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला यायला हवं असं समजून. मग म्हणाली, "उद्यापासून पळत येतो सर." आमच्याकडे पोरीही 'येतो' म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून ती बर्डीपासून पळत यायची. लाल स्वेटर, हातात चपला. तीन मिनिटं वाचवायची. दहा कशी वाचणार? मी वहीत नाव लिहायचो. स्वच्छ अक्षरात लिहायचो.

त्याआधीची बस घ्या, असं आम्ही सांगून पाहिलं. तेव्हा तिचा बाप पहिल्यांदा आला. लूमच्या रात्रपाळीवरून सुटून तसाच, केसांत सुताचे तंतू. "सर, पह्यली बस पाचले हाय. त्यात सारे मिलवाले अन् हमाल. पोरीले अंधारात त्याच्यात बसवू काय? तुमची असती तं बसवली असती?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे. तो म्हणाला, "सारखा कसा गा सर? इथच्या पोराले घर दोन पावलांवर हाय." मला बरोबरीच्या माणसासारखं 'गा' म्हटल्याचं त्याला स्वतःलाच वाईट वाटलं, जीभ चावून तो म्हणाला, "माफ करा, झोपेत हाओ."

जानेवारीत पालकांनी अर्ज केला: निदान हिवाळ्यात शाळा पाऊण तास उशिरा भरवा. त्यावर सभा झाली. वर्गखोलीतले बाक भरलेले, मोठे सर खुर्चीवर, त्यांच्यामागे भिंतीवर ते घड्याळ, आणि बाजूला मी. डॉक्टर पालक झोपेवर बोलले. एक आजोबा बोलले की आम्ही चारला उठून विहिरीवर आंघोळ करायचो. मग रेल्वेतले एक गार्ड उठले. त्यांचा मुलगा आठवीत होता. त्यांनी खिशातून साखळीचं घड्याळ काढलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वेळ बदलाची ते नंतर पाहू. आधी हे सांगा, तुमचं घड्याळ धा मिनिटं समोर काहून हाय?"

मोठे सर मागे वळून पाहू लागले. महादेव दाराशी उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता. त्याला कधीपासून माहीत होतं, मला माहीत नाही. तो रोज त्या घड्याळाकडे पाहून टोल द्यायचा आणि रोज घरी रेडिओही ऐकायचा.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. ती नऊ मुलं वाचली असती, कुसुमची हजेरी दुरुस्त झाली असती, मला फार तर बोलणी बसली असती. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, रेल्वेचं घड्याळ आणि रेल्वेची वेळ, दोन्हींचा अनुभव इथे सगळ्यांनाच आहे."

काय हशा पिकला! आजोबा हसले, डॉक्टर हसले, मोठे सर हसून पुन्हा सरळ बसले. गार्डसाहेब लाल झाले आणि बसले. सगळ्यात शेवटच्या बाकावर कुसुमचा बाप होता. तोही हसला. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. सर म्हणतात तर रेल्वेचं चुकत असेल. आयुष्यात मी चारचौघांत केलेला हा एकच विनोद, आणि तो इतका जमला.

रविवारी सकाळी शाळेत कोणी नसताना मी जाऊन घड्याळ बरोबर केलं. मला वाटलं, झालं, मिटलं. पण पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. सोमवारी कामठीची नऊही मुलं प्रार्थनेच्या आधी आत. मंगळवारी आत. आठवडाभर माझी वही कोरी. मोठे सर हरखले. "पाहिलं? सभा घेतली, जरा दम दिला, झाले सरळ! म्हणे वेळ बदला!" पालकांचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात फेटाळला. शेऱ्यात लिहिलं की शाळेची वेळ योग्य असून दोष सवयींचा आहे, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. आणि अहवालासाठी तो मजकूर मलाच लिहायला सांगितला. मी लिहिला. लिहिताना एक-दोन विशेषणं माझी घातली.

म्हणजे जो पुरावा आज माझ्या तरुण सहकाऱ्यानं हातात धरून टाळ्या घेतल्या, तो हा. हजारभर मुलं इतकी वर्षं अंधारात उठून येतात, त्या पुराव्याच्या जोरावर.

मग मॅट्रिकचे फॉर्म. पाऊणपट हजेरी नसेल तर फॉर्म पाठवायचा नाही. कुसुमची थोडी कमी भरली. तिच्या टायफॉइडचं सर्टिफिकेट जोडलं होतं, पण त्यानंतरचे अर्धे-अर्धे दिवस त्याहून जास्त होते. अशा एक-दोन मुलांसाठी शाळा बोर्डाकडे सूट मागू शकत असे. त्यासाठी छापील कागद असतो. त्यात एक रकाना असतो: 'गैरहजेरीस विद्यार्थी जबाबदार नसल्यास कारण.' तो पर्यवेक्षकानं भरायचा.

कागद माझ्या टेबलावर दोन दिवस होता. दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"सर, छप्पनच्या दीक्षेले हे कडेवर होती. तवाच ठरवलं होतं का हिले शिकवाचं. मी काई लई मागून नाई राहिलो. तुम्ही त्या कागदावर लिहून द्या, बस."

"काय लिहू?"

"जे खरं हाय ते लिहा."

त्याला म्हणायचं होतं ते एवढंच: लांब राहते, बस एकच आहे, पळत येते. मला मात्र दुसरंच ऐकू आलं. जे खरं होतं ते लिहायला मला एक ओळ पुरली असती, आणि तिच्याखाली सही माझी असती. मग गार्ड, मग ती सभा, मग अहवाल. मी त्याला म्हटलं, "पाहतो." तो गेल्यावर त्या रकान्यात लिहिलं, 'वारंवार उशीर. सवय.' मोठ्या सरांनी वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. फॉर्म गेला नाही.

पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. वर्गशिक्षकांनी नाव कमी केलं. बाकी आठ मुलं मॅट्रिकपर्यंत पोचली. वेळेवर येत होती.

चार-पाच वर्षांनी ती आली, शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला. तोवर मोठे सर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर मी होतो. लग्न झालेलं नव्हतं. कामठीत एका दवाखान्यात पट्ट्या करायला जात होती. मॅट्रिकला बाहेरून बसून पास झाली होती, आणि आता धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता. कारकुनानं दाखला लिहून माझ्यापुढे सहीला ठेवला. तिनं उलट्या बाजूनं तो वाचला.

"सर, हे शेऱ्यात 'हजेरी अनियमित' लिहिलं हाय, ते काढता येत नाई काय? तिथल्या बाई म्हणतात, पेशंटपाशी अनियमित मुलगी काय कामाची."

मी म्हटलं, "रजिस्टरवर आहे ते दाखल्यावर येतं. मी बदलू शकत नाही." हे नियमानं खरं होतं. रजिस्टर बदलायला वरची परवानगी लागते, आणि परवानगी मागताना कारण लिहावं लागतं. पुन्हा तोच रकाना. पाच वर्षांत माझ्यात तिळाइतका फरक पडला नव्हता.

ती म्हणाली, "बरं सर." कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग निघता निघता विचारलं, "शाळा आताही सातलेच भरते काय?"

"हो."

"अन् कामठीच्या पोरी?"

"येतात वेळेवर."

"हो काय," ती म्हणाली. "मंग मीच हळू होतो." असं म्हणून हसली आणि गेली. तिला तिथे घेतलं की नाही, मी चौकशी केली नाही. धंतोलीत आईला घेऊन कितीदा गेलो असेन. परिचारिकांच्या तोंडाकडे पाहत नाही.

तर हायस्कूल उशिरा भरवावं का? भरवावं. किमान दिवाळीपासून होळीपर्यंत तरी, सूर्य वर आल्यावर. इमारतीची अडचण आहे, ती सोडवावी. माणसांनी सोडवण्यासाठीच अडचणी असतात. शिक्षकांची दुपार जाईल, जाऊ द्या. आणि मुलं सरळ कशी करावीत याचा दाखला म्हणून आमच्या शाळेचं ते वर्ष यापुढे कोणी काढू नये. त्या वर्षी मुलं सरळच होती. मी हे सभेत तोंडी सांगायला हवं होतं, पण मी तोंडावर बोलणारा माणूस नाही, हे आता वाचकांच्या लक्षात आलं असेलच. म्हणून छापून सांगतो आहे. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे रजिस्टरच्या दुरुस्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे. कारणाच्या जागी खरं कारण लिहिलं आहे. अजून सही केलेली नाही.

कुसुम रंगारी त्या हिवाळ्यात एकही दिवस उशिरा आली नाही. हे तिला आणि तिच्या बापाला, कामठीला त्यांच्या घरी जाऊन, मी माझ्या तोंडानं सांगायचं राहिलेलं आहे.